किती लागले ते सांग की

एकटीनं आठ देश फिरून परत आल्यापासून 'एकटीला भीती नाही वाटली का' असं मला कुणी फारसं विचारलंच नाही. सोलापुरात पहिला प्रश्न एकच, 'किती लागले ते सांग की.' नव्या पेठेत चप्पल घेताना विचारलं, मावसबहिणीच्या साखरपुड्यात विचारलं, दातांच्या डॉक्टरनं तर माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. म्हणून आकडा आधीच सांगून टाकते. ५ लाख ८२ हजार. साडेदहा महिने, आठ देश, तिकिटं व्हिसे लसी इन्शुरन्स सगळं धरून. आणि हे अंदाजे वगैरे नाही हं, मी नऊ वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघितलेत, दिवसाचा हिशोब वहीत उतरवल्याशिवाय मला झोपच येत नाही, मग ती वही लाओसच्या बोटीत मांडीवर ठेवून लिहावी लागली तरी.

आता त्याच वहीतली दोन पानं सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. व्हिएतनाममध्ये मी ९० दिवस होते. पहिले १९ दिवस मी सगळ्यांसारखी फिरले, हनोई, मग डोंगरात, मग खाडी, मग परत हनोई, मग खाली, सात ठिकाणं, दर दोन-तीन दिवसाला बॅग भरायची. त्या १९ दिवसांचे गेले ४१ हजार. मग दमले, पाठ धरली, आणि ह्वे नावाच्या गावात ३१ दिवस एकाच खोलीत राहिले. त्या ३१ दिवसांचे लागले २९ हजार. म्हणजे दिवस दीडपटीपेक्षा जास्त आणि खर्च पाऊणपटीच्याही आत. जेवण तेच, देश तोच, मी तीच.

पैसा राहण्यात जात नाही बघा, हलण्यात जातो. बसचं तिकीट तर जातंच, पण नवीन गावात उतरलं की पहिल्या दिवशी रिक्षावाला लुटणार, स्वस्त खानावळ माहीत नाही म्हणून स्टँडसमोरच्या महागड्या हॉटेलात खाणार, 'आलोय तर बघून घेऊ' म्हणून एंट्री फी भरणार, आणि रूम दोन रात्रींच्या भावानं. तिसऱ्या दिवशी भाजीवाली ओळखायला लागते आणि आपण बॅग भरतो. म्हणून लांबचा स्वस्त प्रवास करायचा असेल तर माझा पहिला आणि खरं तर एकच सल्ला, कमी हला. आठ देश साडेदहा महिन्यांत हे सुद्धा मला आता जास्तच वाटतंय, इंडोनेशिया सोडलं असतं तरी चाललं असतं.

ह्वेची खोली कशी मिळाली ते सांगते कारण पद्धत कुठंही चालते. ऑनलाइन महिन्याचं बुकिंग करायचं नाही. दोन रात्री ॲपवरून घ्यायच्या, आणि त्या दोन दिवसांत गल्लीत पायी फिरून दारावर पाटी लावलेली घरं बघायची, मालकिणीला समोर उभं राहून महिन्याचा भाव विचारायचा. ॲपचं कमिशन वाचतं तिचं, ती आपल्याला कमी करते. मला मिळालेली खोली वरच्या मजल्यावर, पंखा, छोटा गॅस आणि एक खिडकी. मालकीण साठीची, तिला इंग्रजी नाही मला व्हिएतनामी नाही, मोबाइलच्या ट्रान्सलेटरवर सगळा संसार. चौथ्या दिवशी तिनं मला बाथरूमबाहेर गाठलं, चेहरा काळजीचा, मोबाइल पुढं केला, त्यावर लिहिलेलं, पाणी येत नाही का? मला कळेना. मग समजलं की मी एका बादलीत आंघोळ आणि त्याच्याच उरलेल्या पाण्यात कपडे धुत होते, त्यामुळं नळ चालू असल्याचा आवाजच तिला येत नव्हता. आता हिला कसं सांगू की बाई, आमच्या गावात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं, शॉवर सोडून उभं राहिलं तर माझ्याच पोटात गोळा येतो.

पण हे मी गमतीनं सांगत नाही. सोलापूरच्या सवयी प्रवासात लई उपयोगी पडतात. एका बादलीत आंघोळ, उन्हाची सवय, आणि चार भाषांचा गोंगाट कानाला असणं. आमच्या गल्लीत अर्धी घरं तेलुगू, मागं कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दखनी, त्यामुळं समोरच्याचं शंभर टक्के कळलं नाही तरी व्यवहार होतोच ही खात्री लहानपणापासूनची आहे. पुण्यामुंबईच्या मैत्रिणींना भाषेचं टेन्शन येतं, आम्हाला येत नाही.

घरी सांगितलं तेव्हा अर्थातच रामायण झालं. आई म्हणाली, एवढ्या लांब आपल्यातलं कोण गेलंय? बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, डॉ. कोटणीस गेले होते की चीनला, १९३८ साली, इथलेच होते. आई म्हणाली, हो, आणि परत आले नाहीत. यावर बाबांकडं उत्तर नव्हतं आणि माझ्याकडं पण नव्हतं. शेवटी रोज रात्री नऊला एक मेसेज आणि वेगळ्या एफडीत दीड लाख, ज्याला हात लावायचा नाही, फक्त परत यायच्या तिकिटासाठी आणि दवाखान्यासाठी, एवढ्यावर तह झाला. ते दीड लाख वरच्या आकड्यात नाहीत आणि ते तसेच्या तसे परत आले. पण ते नसतील तर निघूच नका असं मी सांगेन, कारण खिशात शेवटचे वीस हजार असताना माणूस चुकीचे निर्णय घेतो, रात्रीची स्वस्त बस, संशयास्पद खोली, असले.

आता व्हिसा. इंग्रजीत जगप्रवासाचे जे सल्ले असतात ते गोऱ्या पासपोर्टवाल्यांसाठी असतात, मन होईल तिकडं वळा वगैरे. आपल्याला नकाशा बघून रस्ता ठरवता येत नाही, व्हिसा बघून ठरवावा लागतो. माझा क्रम असाच ठरला. नेपाळला व्हिसा नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. थायलंडनं जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय राहू द्यायला सुरुवात केली, मी त्यात गेले. मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस दिलेत, फक्त जायच्या आधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट असतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलर, ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा मिळतो, आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात फायद्याचा सौदा हाच. इंडोनेशियात उतरल्यावर व्हिसा मिळतो, पाच लाख, घाबरू नका, त्यांचे पाच लाख रुपिया. हे सगळे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर स्वतः बघा. आणि सरकारी साइट म्हणजे सरकारीच, गुगलवर पहिल्या येणाऱ्या चार तसल्याच दिसणाऱ्या साइट्स दुप्पट-तिप्पट पैसे घेतात आणि करतात तेच काम.

युरोप मी मुद्दाम सोडलं. शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाची, फी जून २०२४ पासून ९० युरो, नाकारला तरी परत मिळत नाही, वर ३० हजार युरोचं मेडिकल इन्शुरन्स दाखवायचं, आणि एवढं करून १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, तेसुद्धा ते देतील तेवढेच. शिवाय असे अर्ज बहुतेक वेळा आपण राहतो त्या देशातूनच करायचे असतात, वाटेत व्हिएतनाममध्ये बसून करू म्हटलं तर कठीण. म्हणून ज्यांना युरोप करायचाय त्यांनी तोच आधी करा किंवा मधे घरी येऊन करा.

आणि मधे घरी यायला लाजू नका. यूट्यूबवर सगळे 'वन वे तिकीट' म्हणून छाती काढतात. मी डिसेंबरात क्वालालंपूरवरून चेन्नईचं स्वस्त तिकीट मिळालं म्हणून सरळ घरी आले, संक्रांतीला गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, केला, नंदीध्वज बघितले, आईच्या हातचं खाल्लं, चटणी भरून घेतली, दाढ दाखवली, आणि मग मुंबईवरून थेट इथिओपियाला गेले. क्वालालंपूरहून आफ्रिकेचं तिकीट यापेक्षा महाग पडत होतं. आपला देश मधोमध आहे, त्याचा फायदा घ्यायचा की.

पैसे बाहेर कसे खर्च करायचे यावर जरा थांबते, इथं माझ्यातली अकाउंटंट गप बसत नाही. साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बऱ्याच बँका साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे वरचे जादा पैसे, लावतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे झाले सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. पाच लाखांवर वीस हजार रुपये, माझं ह्वेमधलं तीन आठवड्यांचं जगणं, नुसतं हवेत. शून्य मार्कअपची कार्डं मिळतात, जायच्या दोन महिने आधी असं कार्ड घ्या, आणि एक नाही दोन घ्या, वेगवेगळ्या बँकांची, वेगवेगळ्या बॅगेत. दुसरं, २०२० च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. हे विमानतळावर नाही, घरी करा. तिसरं, परदेशातलं एटीएम किंवा दुकानातलं मशीन गोड आवाजात विचारतं, रुपयांत पैसे देता का? नाही म्हणायचं. कायम तिथल्याच चलनात. रुपयांत दिलं की दर तो ठरवतो आणि तो आपला मामा नसतो. चौथं, थायलंडमध्ये एटीएम दर वेळी २२० बाट कापत होतं, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये, मग दोन-दोन हजार कशाला काढायचे, पंधरा दिवसांचे एकदम काढायचे आणि तीन ठिकाणी ठेवायचे.

थोडे डॉलर रोख हवेतच. एका खेपेला ३००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, मी ६०० नेले. नोटा कोऱ्या घ्या, २०१३ नंतरच्या निळ्या पट्टीच्या शंभराच्या. लाओसमध्ये एका बाईनं माझी पन्नासची नोट उजेडात धरून, कोपऱ्यातला मिलिमीटरभर फाटका भाग दाखवून, मान हलवून परत दिली. आपल्याकडं टेप लावून चालवतो तसं तिकडं चालत नाही.

आणि ओटीपी! हा आपला खास भारतीय घोळ. लाओसमधल्या लुआंग प्रबांग गावात पाचव्या दिवशी कार्डचं काही तरी व्हेरिफिकेशन आलं, ओटीपी सोलापूरच्या नंबरवर, आणि नंबरचं रिचार्ज मी थायलंडमध्ये असताना संपलेलं. रिचार्ज करायला पेमेंट करायचं, पेमेंटला ओटीपी, ओटीपीला रिचार्ज. मी त्या हॉस्टेलच्या पायरीवर बसून अक्षरशः हसले, नंतर रडले. शेवटी दादानं सोलापुरातून रिचार्ज मारलं आणि वरून म्हणाला, काय बे, टॉवेलचे लाखोंचे हिशोब करत होतीस आणि दोनशे रुपयांचं रिचार्ज विसरलीस? बँकेच्या हेल्पलाइननं मधल्या काळात मला पाऊण तास गाणी ऐकवली ते वेगळं, बँकेचं नाव घेत नाही. तर भारतातला नंबर रोमिंग चालू करून जिवंत ठेवा, घरातल्या एकाला रिचार्जची तारीख लिहून द्या, इंटरनेटसाठी त्या त्या देशाचं सिम किंवा ई-सिम घ्या.

जेवणाचं काय, हा सोलापुरातला दुसरा प्रश्न. आमच्या घरात शाकाहार, त्यामुळं आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढी दिली की सात किलोच्या हँडबॅगेतले दोन किलो तेच. कडक भाकरीसारखं प्रवासी अन्न जगात नाही, पाणी नाही तेल नाही, महिनाभर काही होत नाही, फक्त चुरा होतो. पहिला महिना आधार झाला, पण पुढं कळलं की तिथलं खाल्लं तरच पैसे वाचतात. व्हिएतनाममध्ये शाकाहारी म्हणजे 'चाय'. हो, चाय. पहिल्या दिवशी मी दुकानात चाय चाय करत होते आणि बाईनं टोफू-भाताची थाळी आणून ठेवली, चहा काही आलाच नाही. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले कितीतरी लोक चाय खातात, म्हणजे आपली अमावस्या-पौर्णिमाच, आणि ह्वेमध्ये त्या संध्याकाळी घरोघरी दारापुढं छोटं टेबल मांडून फळं, फुलं, उदबत्त्या. माझी मालकीण त्या दिवशी मला वर यायलाच द्यायची नाही, आधी खाली जेव. फक्त साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो हे लक्षात ठेवा, 'नुओक माम' नको एवढं पाठ करून जा. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते 'जे' दुकान, तिथं मांस तर नाहीच पण कांदा-लसूणही नाही.

पण खरी मजा आली इथिओपियात. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, उपास म्हणजे मांस-दूध-अंडं बंद, आणि ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस. मी त्याच दिवसांत पोचले. जिकडं जावं तिकडं उपासाची थाळी, 'बेयाइनेतू', एका मोठ्या इंजेरावर, म्हणजे तिकडच्या डोशासारख्या आंबट पोळीवर, आठ-दहा भाज्या आणि डाळी. त्यात 'शिरो' म्हणून एक असतं, हरभऱ्याच्या पिठाचं, तिखट, रटरटतं. मी पहिला घास घेतला आणि थांबलेच. पिठलं. सरळ पिठलं, नुसता मसाला वेगळा. इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याचा असतो पण काही भागात ज्वारीचापण करतात, आणि ज्वारीचं मूळ गाव म्हणे तिकडंच, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यात. आम्ही मंगळवेढ्याच्या ज्वारीचा अभिमान मिरवणारे, आणि ती इतक्या लांबून आलेली पाहुणी निघाली.

तिथंच एक फजितीपण झाली. अदिस अबाबावरून बसचं तिकीट काढलं, माणसानं सांगितलं बारा वाजता. मी आरामात साडेअकराला पोचले, बस सकाळी सहालाच गेलेली. तिकडं घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात, आपल्या सकाळी सातला त्यांचा एक वाजतो, आपल्या सहाला बारा. वर्षाचे महिनेपण तेरा. तिकीट वाया, चूक माझी, वहीत 'अडाणीपणा' असं हेडिंग टाकून रक्कम लिहिली. वर्षअखेर त्या हेडिंगखाली एकूण ९,४०० रुपये निघाले, मला वाटतं कमीच आहेत.

आफ्रिकेला जाणार असाल तर एक गोष्ट गंभीरपणे. यलो फीव्हरची लस. इथिओपिया, केनिया अशा देशांतून परत येताना भारतात तिचं पिवळं कार्ड बघतात, नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. म्हणजे जायच्या आदल्या आठवड्यात पळापळ करून उपयोग नाही. मी गड्ड्याला घरी होते तेव्हाच उरकलं.

इन्शुरन्स घ्या, इथूनच घ्या, निघाल्यावर मिळणं अवघड. बऱ्याच पॉलिसी १८० दिवसांपर्यंतच्या असतात, माझं मधे घरी येणं इथंही कामाला आलं. आणि स्कूटर. तिकडं पोरं-पोरी बिनधास्त स्कूटर भाड्यानं घेतात, आपण तर सोलापूरच्या सात रस्ता चौकात शिकलेले, आपल्याला काय. पण अपघात झाला आणि लायसन्स तिथं चालणारं नसेल तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. आपल्या आरटीओचं इंटरनॅशनल परमिट रस्ता वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराखालचं, ते थायलंडमध्ये चालतं, व्हिएतनाम मात्र १९६८ च्या करारातलं मागतं. म्हणून व्हिएतनाममध्ये मी सायकल चालवली, वजनपण चार किलो उतरलं.

बॅगेबद्दल एवढंच सांगते. मी टॉवेलच्या गावची, टॉवेलच्या कारखान्यातली, सहकाऱ्यांनी निरोपाला जाडजूड एक्सपोर्ट क्वालिटी टॉवेल दिला, आणि तो मी घरीच ठेवून पंचा घेऊन गेले. कारखान्यात अजून कुणाला हे माहीत नाही. टेरी टॉवेल पावसाळी हवेत तीन दिवस वाळत नाही आणि बॅगेत कुबट वास. पंचा तासात वाळतो, डोक्याला बांधता येतो, खिडकीला पडदा होतो, बसमध्ये एसी जास्त झाला तर अंगावर. सोलापुरी चादरीचा मोहही असाच आवरला. सात किलोच्या वर गेलात तर दर विमानाला बॅगेचे वेगळे पैसे, आणि मी सहा विमानांना एकदाही भरले नाहीत.

एकट्या बाईनं काय बघायचं, तर माझा नियम साधा, नवीन गावात उजेडात पोचायचं. रात्रीच्या बसमध्ये झोपलं की एका रात्रीचं भाडं वाचतं हे खरं, पण ती बस पहाटे तीनला उतरवत असेल तर नको, उशिरा निघणारी घ्या. पहिल्या रात्री मुलींच्या डॉर्ममध्ये, म्हणजे बऱ्याच कॉटच्या एका खोलीत, बाकीचं नंतर. वाचलेले तीनशे रुपये आणि गेलेली झोप यांचा हिशोब मी दोन-तीनदा करून बघितला, जुळत नाही. नेपाळमध्ये हा प्रश्न कमी आला, गोरखपूरवरून सुनौली आणि तिथून बस, निम्मं आपल्यासारखंच. हिशोबाला पण सोपं, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, कायम. आणि अन्नपूर्णेच्या डोंगरात फिरायच्या परमिटला बाकी परदेशी लोक ३००० नेपाळी रुपये भरत होते तिथं आपल्याला सार्क, म्हणजे शेजारी देशांच्या गटातले, म्हणून १०००, म्हणजे आपले सव्वासहाशे. आपल्या पासपोर्टला स्वस्त पडल्याचा हा एवढाच प्रसंग, म्हणून मी ती पावती जपून ठेवलीये.

केनियात मात्र हात आखडला. मसाई मारात परदेशी माणसाला नुसती एंट्री जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २००, गाडी, जेवण, राहणं वेगळं. मी गेलेच नाही. सिंह बघितला का म्हणून विचारतात, नाही बघितला. नैरोबीत तीन आठवडे राहून उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पालेभाजी खाल्ली, मटाटू नावाच्या गाणी लावलेल्या छोट्या बसमधून फिरले, हे कुणाला सांगायला भारी वाटत नाही पण मला आवडलं. सगळं बघायलाच पाहिजे असं ठरवून निघालात तर माझा आकडा विसरा, तो तीन लाखांनी वाढवा.

नोकरी सोडली का, तर हो सोडली. पीएफ मोडला नाही. पाच वर्षं आरडी भरली होती, दुचाकीचा हप्ता संपल्यावर तेवढीच रक्कम तिकडं वळवली. परत आल्यावर तीन महिन्यांत दुसरीकडं काम मिळालं, पगार आधीपेक्षा थोडा कमी. हे पण खर्चातच धरायला पाहिजे खरं तर, पण त्याला वहीत कॉलम नव्हता.

आणि एक चूक जी मी करून बसलेय ती तुम्ही करू नका. पासपोर्ट काढताना ३६ पानांचा घेतला, ५०० रुपये वाचवले म्हणून. इतक्या देशांचे शिक्के, त्यात व्हिसाचे मोठे स्टिकर, मलेशियाच्या साहेबानं कोऱ्या पानाच्या मधोमध शिक्का मारला, आता दोनच पानं नीट कोरी आहेत. आपल्याकडं जादा पानं जोडून मिळत नाहीत, सरळ नवीन पासपोर्ट काढावा लागतो, मुदत अजून सहा वर्षं शिल्लक असली तरी. ६० पानांचे २००० रुपये. सोमवारची अपॉइंटमेंट मिळालीये, आईला अजून सांगितलेलं नाही.